कॅम्पिंगला गेल्यावर साध्या डीएसएलआरने दूरच्या दीर्घिकांचे (गॅलेक्सींचे) फोटो येतात का? की दुर्बीण घ्यावीच लागते?

येतात. दुर्बिणीचे पैसे सध्या खिशातच ठेवा. सुरुवात देवयानी दीर्घिकेपासून (एम ३१) करा. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, पण आकाशात तिची लांबी पौर्णिमेच्या चंद्राच्या सहापट भरते. अडचण आकाराची नाहीच, ती फार अंधुक आहे एवढंच.

माझ्याकडे जुना क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा, ५० एमएमची लेन्स आणि ट्रायपॉड आहे. पृथ्वी फिरते, त्यामुळे पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त एक्स्पोजर दिलं की तारे लांबट होतात. म्हणून ५ सेकंदांचे २०० फोटो काढायचे. अॅपर्चर २.८, आयएसओ १६००, फॉरमॅट रॉ. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर वीसेक काळे फोटो घ्यायचे, सेन्सरचे स्वतःचे ठिपके नंतर वजा करायला. घरी आल्यावर डीप स्काय स्टॅकर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सगळे एकावर एक रचायचे. एकट्या फोटोत जेमतेम धुरकट ठिपका असतो, रचल्यावर त्याची लांबट तबकडी होते.

शोधायची कशी? डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री आठ-साडेआठला उत्तरेकडे तोंड करा. शर्मिष्ठा (कॅसिओपिया) या तारकासमूहाच्या 'एम' आकाराचा जास्त टोकदार कोपरा बाणासारखा धरला की तो देवयानीकडेच नेतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं तरी द्या. मध्येच कुणी मोबाईल उघडला की पुन्हा पहिल्यापासून!

फोकस मात्र हातानेच करा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर मी पहिल्यांदा विसंबलो आणि अख्ख्या रात्रीचे फोटो धूसर आले. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) एखादा ठळक तारा दहापट मोठा करून तो बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवा, मग रिंगला चिकटपट्टी लावा. दुसऱ्या खेपेला दवाने घात केला. तासाभरात काच धुरकटली आणि मला ते पहाटे कळलं. आता दर दहा मिनिटांनी लाल टॉर्चने काच बघतो. दव धरलंच तर पुसत नाही, लेन्सला गरम पॅक बांधतो.

जागेबद्दल सांगायचं तर भंडारदरा चांगलं, पण शनिवारी तलावाकाठी तंबूंच्या माळा आणि स्पीकर असतात. अमावस्येच्या आसपासचा आडवार बघा, आणि शेकोटीपासून लांब बसा. थंडी वाजेल, त्याला इलाज नाही.