पाळीआधीची खा-खा आणि वजनाचा काटा

वजन कमी करायला घेतलं की महिन्यातले पाच-सहा दिवस सगळं गणित बिघडवतात, असं सांगणारी पत्रं या वेळी सर्वांत जास्त आली. त्यातल्या पाच प्रश्नांना आमच्या आहारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : वय ३४, वजन ७१ किलो, उंची ५ फूट २ इंच. रोज १४०० कॅलरींच्या आसपास खाते. तीन आठवडे नीट जातात. पाळीच्या आधी मात्र संध्याकाळी ऑफिसातून आले की फरसाणाचा डबा घेऊन बसते. मग वाटतं, मोडलंच आहे तर जाऊ दे. पाळी येईपर्यंत काहीच पाळत नाही. माझा निश्चयच कच्चा आहे का? (पुणे)

नाही. अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि पाळी येईपर्यंतचे साधारण १४ दिवस त्याचा अंमल असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशापर्यंत वाढतं, काहीजणींची झोप बिघडते आणि भूक वाढते. इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक भूक आवरून धरतं, ते पाळीच्या तोंडावर उतरलेलं असतं. म्हणजे तुम्हाला लागते ती खरी भूक आहे. तिच्याशी भांडण्यापेक्षा तिची सोय आधी करून ठेवली पाहिजे.

आधी हिशेब बघू. तुमच्या वयाला, उंचीला आणि बैठ्या कामाला दिवसाला सुमारे १८५० कॅलरी लागतात. १४०० खाल्ल्या तर रोज ४५० ची तूट पडते, २८ दिवसांत १२,६०० ची. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरतात, म्हणजे महिन्याला दीड किलोच्या थोडं वर घट. आता पाळीआधीचे सहा दिवस ठरवून रोज २५० कॅलरी जास्त खा. एकूण १,५०० कॅलरी होतात, म्हणजे फक्त २०० ग्रॅम घट कमी. उलट ‘जाऊ दे’ म्हणून सहा दिवस रोज ९०० जास्त गेल्या, तर ५,४०० होतात, म्हणजे महिन्याची जवळजवळ निम्मी मेहनत गेली. आणि ९०० व्हायला फार लागत नाही. १०० ग्रॅम फरसाणातच ५०० च्या वर असतात, आणि ते आपण जेवणाऐवजी खात नाही, जेवणाच्या वर खातो.

म्हणून त्या सहा दिवसांत १६५० चा आकडा धरा. फक्त वाढीव २५० सगळ्याच्या सगळ्या संध्याकाळी सातनंतर खर्च करू नका. तुमची अडचण फरसाणाच्या कितीतरी आधी सुरू होते. बहुधा एक वाजता डबा, चार वाजता चहा आणि दोन बिस्किटं, साडेसातला घरी. मध्ये साडेसहा तास पोटात धड काही नाही. अशा भुकेपुढे कुणाचाच निश्चय टिकत नाही.

सकाळपासून सुरुवात करा. सुक्या ५० ग्रॅम पोह्यांच्या बशीत प्रथिनं जेमतेम ४ ग्रॅम, त्यामुळे दोन तासांत पुन्हा भूक. त्याऐवजी ४० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून केलेली दोन धिरडी आणि वाटीभर दही घेतलं तर १४ ग्रॅमच्या आसपास मिळतात. दोन अंडी आणि एक पोळी घेतली तरी जवळपास तेवढीच. पोहेच हवे असतील तर निम्मे पोहे आणि निम्मी वाफवलेली मोड आलेली मटकी घ्या.

डब्यातल्या आमटीकडे नीट बघा. आपल्याकडची आमटी पातळ असते. वाटीत रस दिसतो, डाळ फार तर १५ ग्रॅम, म्हणजे साडेतीन ग्रॅम प्रथिनं. त्या आठवड्यात आमटीऐवजी घट्ट वरण, मुगाची किंवा मसुराची उसळ न्या. उसळ वाटीभर म्हणजे खरोखरच काठोकाठ वाटी. मासे, चिकन खात असाल तर प्रश्न आणखी सोपा.

वाढीव कॅलरींतला मोठा भाग संध्याकाळी पाचला, ऑफिसातच खा. ३० ग्रॅम फुटाणे आणि पेलाभर ताक, किंवा उकडलेलं अंडं आणि एक फळ. दोन्ही साधारण दीडशे कॅलरींत बसतात. भूक लागण्याची वाट बघू नका. पाळी जवळ आली की पाचच्या सुमाराला भूक नसली तरी खायचं, कारण हे खाणं साडेसातच्या भुकेसाठी आहे.

फरसाण घरातून हद्दपार करायची गरज नाही. जेवण झाल्यावर छोट्या वाटीत २५ ग्रॅम काढा, डबा झाकण लावून फळीवर ठेवा, मगच बसा. तेवढ्यात सव्वाशे ते दीडशे कॅलरी जातात, त्या हिशेबात धरता येतात. डब्यातून थेट खाताना मात्र किती गेलं ते कुणालाच कळत नाही.

प्रश्न : पाळीच्या दोन दिवस आधी वजन दीड किलोने वाढलेलं दिसतं. पोट फुगतं, अंगठी घट्ट होते. काहीही जादा खाल्लेलं नसताना असं कसं? (नाशिक)

ते पाणी आहे. पाळीआधी अर्धा ते दोन किलो पाणी अंगात साठणं नेहमीचं आहे. त्यातच प्रोजेस्टेरॉनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते, पोट साफ होत नाही, तोही भार काट्यावर दिसतो. पाळी सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांत हे उतरतं. दीड किलो चरबी वाढायला साडेअकरा हजार कॅलरी जादा लागतील. दोन दिवसांत तेवढं खाणं होत नाही.

खरी चूक पुढे होते. काटा बघून घाबरून जेवण तोडायचं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट खायचं. त्यापेक्षा आठवड्याच्या आठवड्याला तुलना करणंच सोडा. पाळीचा पहिला दिवस म्हणजे १, असं मोजून सातव्या किंवा आठव्या दिवशी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा. पुढच्या महिन्यात त्याच दिवशी. या दोन आकड्यांची तुलना खरी. पाळीआधीचे पाच दिवस काट्यावर उभं राहायचं नाही.

पाणी कमी पिऊन सूज जात नाही. पापड, लोणचं, वेफर, पाकिटातलं सूप यांतलं मीठ कमी केलं तर फरक पडतो. रोज अर्धा तास चालणंही त्या दिवसांत सोडू नका, पोट मोकळं राहायला मदत होते.

प्रश्न : मला फक्त चॉकलेट लागतं. शरीरात मॅग्नेशियम कमी पडतं म्हणून असं होतं, असं वाचलं. मग खाल्लेलं चांगलंच ना? आणि साखरेऐवजी गूळ चालेल का? (ठाणे)

मॅग्नेशियमचा हा समज फार पसरला आहे, पण पटण्यासारखा नाही. शरीर मॅग्नेशियम मागत असतं तर शेंगदाणे, तीळ, राजगिरा, पालक यांचीही तशीच ओढ लागली असती. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चॉकलेटची तल्लफ आलेल्यांना कोकोच्या कॅप्सूल दिल्या. कोकोतली सगळी द्रव्यं पोटात गेली, तल्लफ गेली नाही. कोकोची पूड नसलेल्या पांढऱ्या चॉकलेटने मात्र ती थोडीफार भागली. म्हणजे ओढ आहे ती गोड, मऊ, तुपकट चवीची. हे समजलं की अपराधी वाटायचं कारण उरत नाही आणि औषध समजून वडी संपवायचंही कारण उरत नाही.

जेवणानंतर लगेच १० ग्रॅम गडद चॉकलेट, म्हणजे साधारण दोन छोटे चौकोन, ५५ ते ६० कॅलरी. रिकाम्या पोटी, चार वाजता, तीच वडी अर्धी संपते. पूर्ण बंदी घालून बघू नका. पाच दिवस टाळलेलं चॉकलेट सहाव्या दिवशी सगळंच्या सगळं खाल्लं जातं. मोठी वडी आणण्याऐवजी लहान आणा, एवढं करा.

गुळाचं म्हणाल तर १० ग्रॅम साखरेत ४० कॅलरी आणि तेवढ्याच गुळात ३८. चवीसाठी जरूर खा, वजनासाठी त्याने काही साधत नाही. शेंगदाण्याची चिक्की २५ ग्रॅम म्हणजे सव्वाशे कॅलरी. ती एकच, आणि तीही संध्याकाळच्या खाण्याऐवजी.

तल्लफ कमी करायची असेल तर कॅल्शियमकडे लक्ष द्या. १९९८ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांचे पाळीआधीचे त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत जवळजवळ निम्म्याने कमी झाले. तुलनेसाठी औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांचे ३० टक्के कमी झाले. अमुक खावंसं वाटणं, हा त्या त्रासांतला एक होता. आधी आहारातून बघा. २०० मिलि दुधात साधारण २४० मिलिग्रॅम असतं, १०० ग्रॅम नाचणीत ३४० च्या वर. गोळी डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः मुतखडा झालेला असेल तर.

प्रश्न : गौरी-गणपतीत पाळी येऊ नये म्हणून गोळ्या घेते. त्या दिवसांत प्रचंड भूक लागते आणि अंग जड होतं. गोळ्यांनी वजन वाढतं का? (कोल्हापूर)

या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं, प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं. पाळीआधीची जी स्थिती दोन-चार दिवसांत संपली असती, ती गोळ्या चालू असेपर्यंत लांबते. त्यामुळे पोट फुगणं आणि अंग जड होणंही लांबतं, काहींची भूकही. काट्यावर वाढलेलं बरंचसं पाणीच असतं आणि गोळ्या बंद करून दोन-तीन दिवसांत पाळी आली की उतरू लागतं. चरबी वाढते ती त्या काळात जास्त गेलेल्या खाण्याने, आणि तो काळ नेमका मोदकांचा आणि पुरणपोळीचा.

मध्यम उकडीचा मोदक सव्वाशे कॅलरींच्या आसपास, वर चमचाभर तुपाच्या ४५. नैवेद्याच्या पानात दोन मोदक घ्या, वरण आणि उसळ आधी संपवा, भात निम्मा करा. त्या आठवड्यात वजन घटवायचं नाही, होतं तिथे राहिलं तरी पुरे. काट्यावर पाळी होऊन गेल्यावर सातव्या-आठव्या दिवशीच उभ्या राहा.

मैत्रिणीकडची उरलेली पट्टी मात्र घेऊ नका. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर या गोळ्या धोक्याच्या आहेत. गर्भ राहिलेला नाही याचीही खात्री लागते. गोळ्या पाळीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू कराव्या लागतात, म्हणून डॉक्टरांकडे आठवडाभर आधी जा. आणि दर सणाला गोळ्या घेणं आम्हाला योग्य वाटत नाही. पाळी आली म्हणून आरतीला उभं राहू नये, असं शरीराच्या दृष्टीने काहीच नाही.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची. दोन महिने भात-पोळी सोडून ‘डाएट’ करते आहे. पाळीच्या दिवसांत कच्चे तांदूळ आणि पाटीवरची पेन्सिल खाताना पाहिलं. अंगावरूनही खूप जातं. रागवावं का? (लातूर)

रागावू नका, रक्त तपासा. पेन्सिल, खडू, माती, कच्चे तांदूळ, फ्रिजमधला बर्फ खावासा वाटणं हे लोहाच्या कमतरतेचं ठळक लक्षण आहे. पाळीआधी गोड खावंसं वाटणं वेगळं, हे वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, म्हणजे तुमची मुलगी एकटी नाही.

हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. ते १२ च्या वर असूनही फेरिटिन १५ च्या खाली असेल, तर लोहाचा साठा संपलेला असतो. अनेकदा फक्त पहिली तपासणी होते आणि ‘सगळं ठीक’ म्हणून मुलीला घरी पाठवतात.

दर एक-दोन तासांनी पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा सात दिवसांहून जास्त जात असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. त्याचं कारण शोधल्याशिवाय लोह भरत राहून उपयोग नाही. उलट, अशा अर्धपोटी आहाराने पुढे पाळी थांबलीही जाऊ शकते. तीन महिने आली नाही तर वाट बघू नका.

तिचं हे डाएट आता थांबवा. वजन खरंच जास्त असेल तर रक्त भरून निघाल्यावर, आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली बघता येईल. तोवर पोळी-भाकरी, उसळ, हिरवी भाजी, अंडी, खात असाल तर मटण-मासे, आणि जेवणात लिंबू किंवा पेरू. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको, त्याने लोह शोषलं जात नाही. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर देऊ नका. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. गोळीने मळमळ झाली तर ती बंद करण्याऐवजी रात्री जेवणानंतर द्या. हिमोग्लोबिन वाढलं तरी साठा भरायला पुढे आणखी तीन महिने लागतात, तेव्हा डॉक्टर सांगेपर्यंत चालू ठेवा.