वाचकांचे प्रश्न : प्लॉट आत्ता, घर पुढे

प्रश्न : कोल्हापूरजवळ पाचगावच्या पुढे दीड गुंठ्याचा प्लॉट बघितला आहे. घर पाच-सहा वर्षांनी बांधायचे आहे. मूळ मालकांचे म्हणणे असे की, दहा गुंठ्यांचे एकच खरेदीपत्र सहा जणांच्या नावे करू, सातबाऱ्यावर सर्वांची नावे लागतील. जमीन अजून शेतीचीच आहे, पण आजूबाजूला बंगले उभे राहिलेत. घ्यावा का? – एक शिक्षक, गारगोटी

उत्तर : या पद्धतीने घेऊ नका. सातबाऱ्यावर नाव लागेल हे खरे, पण ते दहा गुंठ्यांतल्या अविभाजित हिश्श्यावर लागेल. तुमचा दीड गुंठा नेमका कुठला, हे कोणत्याही सरकारी नकाशावर नसेल. ते असेल फक्त मालकांनी काढून दिलेल्या कच्च्या नकाशावर. तुकडेबंदी कायद्यात बागायत जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे कमीत कमी मान्य तुकडा, १० गुंठे आहे. त्याखालच्या तुकड्याची दस्तनोंदणी अडते, म्हणून माणसे गोळा करून बेरीज दहावर नेतात. अलीकडे हे नियम सैल झाले आहेत आणि ‘आता सगळं चालतंय’ असे एजंट सांगत असतात. पण तुकडा कायदेशीर ठरला म्हणून त्यावर बांधकाम परवाना मिळतोच असे नाही. तुम्हाला घर बांधायचे आहे, तेव्हा परवाना मिळेल का हेच आधी बघायचे.

थोडा हिशेब करून बघा. सहा जणांचे दीड-दीड म्हणजे नऊ गुंठे झाले. रस्त्याला राहिला एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. मंजूर लेआउटमधला (रेखांकनातला) अंतर्गत रस्ता साधारण ९ मीटर, म्हणजे जवळजवळ ३० फूट रुंद असतो. एक गुंठ्यात तो ३७ फूट लांबही होत नाही. म्हणून अशा ठिकाणी दहा-बारा फुटांची बोळ सोडलेली दिसते. पुढे परवाना अडतो तो इथेच. शिवाय सहापैकी एकाचे निधन झाले की वारसांची नावे चढतात, एखाद्याने कर्ज काढले की बोजा त्याच सातबाऱ्यावर येतो. बँका अशा हिश्श्यावर सहसा गृहकर्ज देत नाहीत. आणखी एक अडचण आहे. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन घेणारा साधारणपणे स्वतः शेतकरी असावा लागतो. तुमच्या नावे किंवा घराण्यात शेती नसेल तर विषय बहुधा तिथेच थांबतो.

आजूबाजूचे बंगले बघून भुलू नका. गुंठेवारी (गुंठ्या-गुंठ्यांनी पाडलेले विनापरवाना तुकडे) नियमितीकरणाच्या कायद्यात ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे घेतली आहेत. तुमचा प्लॉट आज मोकळा आहे, तेव्हा नव्या घरासाठी त्याचा आधार धरू नका.

त्याऐवजी बिनशेती झालेला, मंजूर रेखांकनातला प्लॉट शोधा. शहराभोवतीची ४२ गावे २०१७ पासून कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे आहेत, तेव्हा मंजुरी कोणाची हे गाव आणि हद्द पाहून ठरते. विकणाऱ्याकडून मंजूर नकाशा आणि बिनशेती आदेश, दोन्ही घ्या. नकाशावर ‘तात्पुरती मंजुरी’ आहे की ‘अंतिम’, हे वाचा. तात्पुरत्या मंजुरीवर भरपूर प्लॉट विकले जातात, मग गटारे-रस्ते राहतात आणि अंतिम मंजुरी लटकते. तुमच्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा किंवा मालमत्ता पत्रक निघाले आहे का, तेही बघा. लेआउटची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर महारेरा (राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) क्रमांक मागा. जागा उजळाईवाडीच्या बाजूची असेल तर विमानतळामुळे इमारतीच्या उंचीवर बंधन आहे का, हे वास्तुविशारदाकडून आधीच तपासा.

मालकी तपासताना वकिलाकडून ३० वर्षांचा शोध घ्या आणि सगळे जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) काढून वाचा. आपल्या भागात तीन गोष्टी फार निघतात. पहिली, बहिणींची नावे. ‘त्यांनी सोडून दिलंय’ या तोंडी शब्दावर विसंबू नका, नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहा. दुसरी, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला विकास सेवा संस्थेचा (गावच्या शेतीकर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा) बोजा किंवा ई-करार, म्हणजे त्या कर्जासाठी जमिनीवर केलेला करार. कर्ज फेडल्याचा दाखला दाखवतात, पण नोंद कमी केलेली नसते. तिसरी, देवस्थान इनाम. सातबाऱ्यावर देवाचे किंवा देवस्थानाचे नाव दिसले, तर इसाराचा एक रुपयाही देऊ नका. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विक्रीवर बंधन असलेली, जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनेच विकता येते. उसाच्या पट्ट्यात आणखी एक पाहा : पाणीपुरवठा संस्थेची पाइपलाइन प्लॉटखालून जाते का. पाया खणताना ती लागली की काम थांबते.

प्रश्न : कसबा बावड्याच्या बाजूला नदीकडे स्वस्त प्लॉट मिळतोय. मालक म्हणतात, भराव टाकून उंची वाढवली की पुराची भीती नाही. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी नगररचना विभागाकडून पूररेषा दाखवलेला भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. निळी रेषा नेहमीच्या पुराची, लाल रेषा मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत, नदीकडे नव्या बांधकामाला मनाई आहे. निळी आणि लाल रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवाना मिळतो, जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर घ्यावे लागते.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. पण बंधाऱ्यावरचे फूट म्हणजे तुमच्या प्लॉटवरचे फूट नव्हेत. शेजारच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याचा डाग असतो, नसेल तर तिथल्या दूध संस्थेत किंवा जुन्या घरात विचारा. ती खूण धरून सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हलने प्लॉटची पातळी मोजून घ्या. अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि हा खर्च इसारापूर्वी करा.

भरावाने प्लॉट उंच होतो, रस्ता होत नाही. घर कोरडे राहिले तरी चार-पाच दिवस बाहेर पडता येत नाही. शिवाय नवा भराव वर्षानुवर्षे बसत राहतो. नदीकाठी खाली काळी माती असते, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भरावावर पाया टेकवला की भिंती तडकतात. पाया मूळ जमिनीतल्या मुरुमापर्यंत न्यावा लागतो किंवा पाइल (खोल खांबांचा पाया) घ्यावे लागतात, आणि जमिनीत वाचलेले पैसे तिथे जातात. म्हणून दोन कोपऱ्यांत जेसीबीने सहा-सहा फूट खड्डे घेऊन बघा. पाचगाव, मोरेवाडीच्या माळावर मुरूम-कातळ लवकर लागतो, पाया स्वस्त पडतो. तिथे पाण्याची सोय विचारावी लागते.

प्रश्न : पत्नीच्या नावे खरेदी केली तर मुद्रांक शुल्कात सूट मिळते का?

उत्तर : महिलांची एक टक्क्याची सवलत निवासी घर किंवा फ्लॅटला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही. मुद्रांक शुल्क हद्दीनुसार साधारण ५ ते ६ टक्के, नोंदणी फी १ टक्का पण कमाल ३० हजार. शुल्क ठरलेल्या किमतीवर की रेडीरेकनरवर (सरकारी दराने येणाऱ्या किमतीवर)? जी रक्कम जास्त, तिच्यावर. किंमत ५० लाख किंवा त्यावर असेल तर १ टक्का टीडीएस (आयकर) विकणाऱ्याच्या रकमेतून कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची.

प्रश्न : प्लॉट घेतला आहे, पण घर बरेच उशिरा होणार. तोवर काय सांभाळावे? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : हद्द कायम मोजणी झाली नसेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा. शेजाऱ्यांना नोटीस जाते, त्यांच्यासमोर खुणा होतात, ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) मिळते. खुणेच्या जागी लगेच दगड किंवा सिमेंटचे खांब रोवून तारेचे कुंपण करा. खुणा पावसाळ्यात वाहून जातात आणि मग मोजणी पुन्हा करावी लागते. क्षेत्र कागदावर चौरस मीटरमध्ये असते : दीड गुंठा म्हणजे १५१.७६ चौरस मीटर. प्रत्यक्ष माप त्यापेक्षा कमी आले, तर बोलणे वाढवण्याआधी लेआउटच्या मंजूर नकाशातली बाजूंची मापे तपासा.

खरेदीनंतर फेरफार मंजूर झाल्याची खात्री करा. नोटिशीचे १५ दिवस संपून मंडल अधिकाऱ्यांचा शेरा पडल्यावरचा नवा उतारा काढून ठेवा. लागू असेल तर बिनशेती सारा आणि महापालिका हद्दीत असाल तर घरफाळा दरवर्षी भरा, पावत्या एका फाइलमध्ये. वर्षातून एकदा पावसाळ्यात जागेवर जा, पाणी कुठून येते आणि कुठे साचते ते तेव्हाच कळते. शेजाऱ्याने शेड किंवा जनावरांचा गोठा पुढे सरकवला असेल तर त्याच आठवड्यात लेखी हरकत द्या, आणि पोच घ्या.