फुकटात पोकर बँकरोल (खेळायचं भांडवल) बनवायचाय? आधी हे वाच

अरे मित्रा, तू लंडनला आहेस म्हणून सांगतोय, इकडे भारतात २०२५ च्या कायद्याने पैशाचं ऑनलाइन पोकर बंदच झालंय, त्यामुळे इथल्यांनी हे करायला जाऊ नका.

खिशातून एक पैसा न टाकता सुरुवात म्हणजे फ्रीरोल, म्हणजे फुकट प्रवेशाची बक्षीस असलेली टुर्नामेंट. हजारो लोक, बक्षीस चिल्लर, आणि पहिला अर्धा-पाऊण तास अर्धी जनता डोळे झाकून ऑल-इन (सगळ्या चिप्स एकदम लावणं) करत असते, कारण त्यांचं जातंय काय! तू त्यात पडू नकोस, एक्के-राजे येईपर्यंत गप फोल्ड करत (पत्ते टाकून डाव सोडत) बस, ब्लफ तर अजिबात नको, तिथे कोणी पत्तं सोडतच नाही. कंटाळा येतो, मान्य.

पोकर खेळाडू क्रिस फर्ग्युसनने २००६ मध्ये शून्यापासून असंच सुरू केलं होतं आणि १०,००० डॉलर केले, पण दीड वर्षाच्या आसपास गेलं, आणि तो वर्ल्ड चॅम्पियन होता हे विसरू नकोस. त्याचा नियम सोपा, कॅश टेबलवर (जिथे थेट पैशांवर खेळतात आणि कधीही उठता येतं) बँकरोलच्या ५ टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही, मोठ्या टुर्नामेंटला २ टक्केच, आणि टेबलवर बँकरोलच्या १० टक्क्यांहून जास्त साठले की उठायचं. एक-दोन सेंटच्या टेबलचा (जिथे डावाच्या सुरुवातीच्या सक्तीच्या पैजा एक आणि दोन सेंट असतात) फुल बाय-इन, म्हणजे बसताना घ्यायची पूर्ण रक्कम, २ डॉलर, म्हणजे हिशोबाने ४० डॉलर हवेत, पण अडीच डॉलरपर्यंतच्या टेबलला त्याने स्वतःच सूट ठेवली होती, नाहीतर सुरूच कसं होणार?

हरल्यावर चिडून वरच्या टेबलला जाऊन बसलास की महिन्याची मेहनत दहा मिनिटांत साफ, मी दोनदा केलंय. आणि तासाला किती कमावले याचा हिशोब काढू नकोस, रडू येईल.