सेल्फ मारण्याआधी

प्रश्न : वडिलांची 1979 सालची प्रीमियर पद्मिनी त्यांच्या निधनानंतर बारा वर्षे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. उभी केली तेव्हा इंजिन उत्तम होते. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की नवी बॅटरी जोडून सेल्फ मारा, नाहीतर उतारावर ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा. तसे करावे का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कृपया तसे करू नका. पद्मिनीचे 1089 सीसीचे, चार सिलिंडरचे इंजिन साधे आणि सोशिक आहे; परंतु ते बंद पडते तेव्हा कोणत्या ना कोणत्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच, त्या वाटेने आपल्याकडची चार महिन्यांची दमट हवा आत शिरते, सिलिंडरच्या भिंतीला गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा जागच्या जागी चिकटतात. अशा इंजिनाला धक्का दिला की रिंग तुटून तिचा तुकडा बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडे पाडतो, आणि एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर त्याला ढकलणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, वाकतो. थोड्या तेलाने आणि सबुरीने सुटणारे काम मग नव्या पिस्टनपर्यंत जाते.

प्रथम चारही प्लग काढावेत, तारांवर क्रमांक घालावेत आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे गंज सोडवणारे पातळ तेल ओतून काही दिवस तसेच मुरू द्यावे. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावावा आणि इंजिन हलक्या हाताने थोडे पुढे, थोडे मागे असे फिरवून पाहावे. फिरले नाही तर पुन्हा तेल घालून आणखी आठवडाभर थांबावे; पान्याला लांब पाइप लावून जोर करण्याचा मोह उद्यमनगरातल्या कसलेल्या मिस्त्रींनाही होतो, तो आवरावा. इंजिन सुटल्यावर व्हॉल्व्हवरचे झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, काढून प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन पूर्ण वर येतो की नाही, हे हाताने फिरवतानाच डोळ्यांनी पाहावे.

आता ऑइल. जुन्या ऑइलमध्ये ओल आणि आम्ले साठलेली असतात, म्हणून ते काढून नवे 20डब्ल्यू-50 ऑइल आणि नवा फिल्टर घालावा. बारा वर्षांत बेअरिंगवरचा तेलाचा थर निथळून गेलेला असतो. त्यामुळे प्लग बाहेरच ठेवून, म्हणजे इंजिनावर कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा) भार नसताना, थांबून थांबून थोडा थोडा सेल्फ मारावा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत ठिणगी देऊ नये. या एका पायरीत घाई केली, तर आधीची सगळी काळजी वाया जाते.

टाकीतले जुने पेट्रोल गाडीत वापरू नये. कार्ब्युरेटर सोडवून त्याचे जेट साफ करावेत, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलावेत आणि पेट्रोल पंपाचा पडदा तपासावा, कारण तो फाटलेला असेल तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते. डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगी घडवणारे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासावेत. प्लग आणि तारा परत जोडताना लक्षात ठेवावे की सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम 1-3-4-2 असा आहे. एअर फिल्टरमध्ये उंदरांचे घरटे नाही ना, तेही पाहावे.

रेडिएटर भरून, गाडी शेडबाहेर उघड्यावर आणून, अग्निशामक जवळ ठेवून, वेगळ्या डब्यातल्या ताज्या पेट्रोलवर इंजिन सुरू करावे. सिलिंडरमधले तेल जळत असल्याने सुरुवातीला धूर येईल. त्याला घाबरू नये. ऑइलचा दिवा मात्र काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करावे. इंजिन काही तास चालल्यावर ऑइल पुन्हा बदलावे आणि मगच कॉम्प्रेशन मोजावे, कारण चिकटलेल्या रिंगा गरम झाल्यावर अनेकदा आपोआप सुटतात. तरीही एखादा सिलिंडर फारच मागे राहिला तरच हेड उघडावे. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगसाठी कोल्हापूर सोडून कुठे जायची गरज नाही. ब्रेकचे सिलिंडर दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये.

प्रश्न : जुन्या गाडीला इथेनॉलमिश्रित पेट्रोल चालते का? महिनोन्‌महिने गाडी उभी राहते. – एक वाचक, कागल

उत्तर : चालते, पण पथ्य पाळावे लागते. इथेनॉल आपल्याच ऊसपट्ट्यातले असले तरी जुन्या रबराशी त्याचे पटत नाही आणि ते हवेतली ओल शोषून घेते. त्यामुळे इथेनॉलला टिकणारे पाइप व पंपाचा पडदा बसवावा, आणि गाडी दीर्घकाळ उभी करण्यापूर्वी कार्ब्युरेटर रिकामा करावा. पंधरवड्याला पाच मिनिटे जागेवर इंजिन चालवून बंद करण्याची पद्धत मात्र सोडा; तेवढ्या वेळात ते पुरते गरम होत नाही आणि पाणी ऑइलमध्ये व सायलेन्सरमध्ये साचत जाते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा अर्धा तास गाडी रस्त्यावर चालवावी.