लिहायला बसवलं की पेन्सिलच हरवते!

प्रश्न: आम्ही पुण्यात मुलाला घरीच शिकवतो, ९ वर्षांचा आहे, तोंडाची बडबड अखंड चालू पण लिही म्हटलं की दोन ओळीत खेळ खल्लास. अमेरिकेतला एक रायटिंग करिक्युलम बघितलाय, मागवू का? फार महाग आहे हो.

उत्तर: थांबा ताई, पैसे नंतर घालवा. सांगता येतंय ना त्याला, मग अर्धं काम झालंय, कारण सुचणं, अक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घ हे तिन्ही एकदम सांभाळायचं म्हणजे मोठ्यांनाही घाम फुटतो. इंग्लंडच्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२-१९२३) बाईंची पद्धत बघा, वाचून दाखवायचं आणि मुलाने ते स्वतःच्या शब्दांत तोंडी सांगायचं, लेखी साधारण दहाव्या वर्षापासून. तो चकली तेलात कशी फुटली ते सांगेल, तुम्ही उतरवून घ्या, मग त्यातल्याच तीन ओळी त्याला वहीत लिहू द्या. आठवड्यातून दोनदा श्रुतलेखन, 'दिन' आणि 'दीन' असले शब्द घालून. लाल पेन मात्र लपवा! आणि तो परदेशी कोर्स मराठीची जोडाक्षरं थोडीच शिकवणारे? बालभारतीच्या पीडीएफ फुकट आहेत. एनआयओएसच्या (म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त विद्यालयाच्या) दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे अजून पाच वर्षं आहेत हातात.