फसवणं हाच ज्याचा धंदा, तो जादूगार दुसऱ्याची बुवाबाजी काय उघडी पाडणार?

तुम्ही लिहिलंय की चमत्कारांचं बिंग फोडणारे जादूगार टीव्हीवर आणि स्टेजवर बघायला तुम्हाला आवडतात, पण तुमचे काका म्हणतात, 'लोकांना फसवणं हाच ज्याचा धंदा, त्याच्यावर विश्वास कसला ठेवायचा? त्यापेक्षा शास्त्रज्ञांचं ऐक.' काकांना काय सांगू, हा तुमचा प्रश्न. आमचा दादा हेच वाक्य गेली कित्येक वर्षं मला ऐकवतोय, म्हणून लिहायला बसलो.

काका चुकतात. फसवणूक पकडायला त्याच कामातला कारागीर लागतो. निसर्ग लबाडी करत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला समोरचा हातचलाखी करत असेल असा संशयच येत नाही. नुसत्या मनाच्या जोरावर चमचे वाकवतो म्हणणाऱ्या युरी गेलरला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी तपासलं आणि १९७४ साली त्यांचा निबंध थेट 'नेचर' या विज्ञानाच्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला. त्याच्या आदल्याच वर्षी हा गेलर अमेरिकेत जॉनी कार्सनच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात गेला होता. कार्सन मूळचा जादूगार. त्याच्या लोकांनी आधीच जेम्स रँडी या बुवाबाजी उघडी पाडणाऱ्या जादूगाराला विचारून ठेवलं होतं. रँडीचा सल्ला साधा होता: वस्तू तुमच्या तुम्ही आणा आणि कार्यक्रमापूर्वी गेलरला किंवा त्याच्या माणसांना त्यांच्या जवळ फिरकू देऊ नका. सगळ्या देशासमोर गेलरला काही म्हणजे काही जमलं नाही. आज जोर जाणवत नाही म्हणाला.

पुढे रँडीने दोन तरुण जादूगार वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत 'अतींद्रिय शक्तीची मुलं' म्हणून पाठवले. 'तुम्ही जादू करता का' असं कोणी विचारलं तर खरं सांगून टाका, असं त्यांना बजावलं होतं. कोणी विचारलंच नाही. १९८३ मध्ये ही मुलं जादूगार असल्याचं रँडीनेच जाहीर केलं.

आता आमच्या घरचं सांगतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे. एका पावसाळ्यात कोवळ्या सुपाऱ्या पटापट गळायला लागल्या, झाडाखाली नुसता सडा. दादाने कोणा ओळखीच्याच्या सांगण्यावरून घाटापलीकडचा एक बुवा आणला. सोप्यावर पाट मांडला, हळद-पिंजर झाली, सगळं घर भोवती बसलं. बुवाने झोळीतून सुरी काढली, तोंडाने पुटपुटत लिंबावर धरली आणि कापलं. लिंबातून लालभडक रस पाटावर ठिबकला. आई रडायलाच लागली. बुवा म्हणाला, 'करणी आहे. उगवतीच्या घरातली बाई.' उगवतीला एकच घर, आमच्या काकीचं. आमचे काका जाऊन वर्ष झालं नव्हतं, ती एकटी राहायची.

मी फोंड्याला कॉलेजात असताना चमत्कारांच्या प्रात्यक्षिकांचा एक कार्यक्रम बघितला होता. एका जादूगाराने समिधांवर 'तूप' ओतून मंत्राने होम पेटवला होता आणि मग दाखवलं होतं की तूप म्हणजे ग्लिसरीन आणि समिधांखाली पोटॅशियम परमँगनेट. लिंबाचं रक्तही दाखवलं होतं, पात्याला मिथाइल ऑरेंज लावून. म्हणून मी उठलो. मागीलदारच्या झाडाचं लिंबू तोडून आणलं, आमच्या आदोळीवर, म्हणजे विळीवर कापलं. पांढरा रस. मग बुवाची सुरी उचलली आणि पात्याची जी बाजू कोरडी होती तिच्यावर तेच आमचं लिंबू पिळलं. पातं लाल झालं आणि टोकावरून थेंब पाटावर पडला. सगळ्यांनी बघितलं. बुवाने सुरी हिसकावून घेतली, झोळीत टाकली आणि 'देवाची परीक्षा बघता' असं म्हणत पायऱ्या उतरला.

दादा बीएस्सी आहे, तोही केमिस्ट्रीत. कॉलेजच्या लॅबमध्ये टायट्रेशन करताना मिथाइल ऑरेंज त्याच्या रोजच्या हातातलं. आम्लात ते लाल होतं हे त्याने जर्नलात लिहून सह्या घेतल्यात. मी कॉमर्सचा. आणि त्याच्या नाकासमोर तेच ठिबकलं तर तो हात जोडून बसला होता! तुमच्या काकांना हे सांगा. विज्ञान त्याला ठाऊक होतं. सुरीकडे बघायचं असतं हे ठाऊक नव्हतं. मला ते जादूगाराने शिकवलं.

यातलं सगळ्यात वाईट असं की बुवा गेला तरी काकीचं नाव राहिलं. दादा अजून म्हणतो, 'सुरीचं खोटं असेल, पण तो बोलला त्यात काहीतरी असणारच.' सुपारी गळत होती ती कोळेरोगाने, म्हणजे पावसाळ्यात फळं कुजवणाऱ्या रोगाने. पुढच्या वर्षी दादानेच पाऊस लागण्याआधी बोर्डो मिश्रणाचं औषध फवारलं आणि घड टिकले. तरी काकीच्या घरी चतुर्थीला आमच्याकडून कोणी जात नाही, मी सोडून.

काय बघावं, हेही विचारलंय तुम्ही. रँडीने १९८६ मध्ये पीटर पॉपॉफचं केलं ते आधी बघा. हा पाद्री सभेत अनोळखी माणसांची नावं आणि आजार देवाकडून कळल्यासारखे सांगायचा. रँडीच्या लोकांनी रेडिओ स्कॅनर लावला तर बायकोच बिनतारी यंत्रावरून त्याच्या कानात सांगत होती. आपल्याकडचे बी. प्रेमानंद चुकवू नका. अंगारा काढायची गोळी बोटांत कशी दडवतात ते त्यांनी गावोगाव फिरून दाखवलं.

मात्र सगळेच जादूगार सारखे नाहीत. 'मी देहबोलीवरून मन वाचतो' म्हणणारे हल्लीचे बरेचजण जुनीच हातचलाखी मानसशास्त्राचं नाव देऊन विकतात. ते मनोरंजन म्हणून बघा, ज्ञान म्हणून नको. आणि बिंग फुटलं की धंदा बंद होतो असंही समजू नका. पॉपॉफने १९८७ मध्ये दिवाळं जाहीर केलं आणि नंतर पुन्हा टीव्हीवर आलाच.

देवाच्या अपमानाचा मुद्दा काका काढतीलच. आमच्या गोव्यात शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रत धरलेले भक्त निखाऱ्यांवरून चालतात. कोळशातून उष्णता पावलात हळू जाते आणि पाय क्षणभरच टेकतो, हे मला माहीत आहे. तरी मी त्यांना हात जोडतो. ते उपास करतात, सोवळं पाळतात आणि कोणाकडे बोट दाखवत नाहीत. शेजारणीचं नाव घेणाऱ्या बुवाला आणि त्यांना एका मापाने मोजायचं मला मान्य नाही, आणि जो जादूगार तसं मोजतो तोही मला आवडत नाही.

काकांशी शब्दांनी वाद घालू नका. एक लिंबू, थोडं मिथाइल ऑरेंज आणि एक सुरी घ्या. सुरी नंतर साबणाने नीट धुऊन टाका, स्वयंपाकात वापरू नका. आधी लिंबू कापून दाखवा, कसं झालं ते काकांनाच ओळखू द्या. दादा, तू हे वाचत असशील तर तुलाही सांगतो: या चतुर्थीला काकीकडे चल.