वाचकांचे प्रश्न: युरोप ऐकू येतो, पण आपली हाक पोचत नाही

ऑक्टोबरअखेरची सीक्यू वर्ल्डवाइड, म्हणजे जगभरच्या स्टेशनांशी संपर्क साधण्याची स्पर्धा, जवळ आली की हॅम (परवाना घेतलेल्या हौशी) रेडिओवरची पत्रं वाढतात. त्यांतली चार या वेळी घेतली आहेत.

स्लॅबवर वीस मीटर बँडचा (१४ मेगाहर्ट्झ) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना आहे, रेडिओ १०० वॉटचा. युरोपची स्टेशनं खणखणीत येतात, पण हाक दिली की उत्तर नाही. जपान तर जवळजवळ ऐकूच येत नाही. लिनियर (ताकद वाढवणारा अॅम्प्लिफायर) घ्यावा का? (सेलू, जि. परभणी)

इतक्यात नको. १०० चे ४०० वॉट केले तरी समोरच्याच्या मीटरवर एकच एस-युनिट (सिग्नलच्या जोराच्या मापाची एक पायरी) वाढतं. परवान्यात किती वॉटची मुभा आहे, ते पाहावं लागेल ते वेगळंच.

पहिली शंका केबलवर घ्या. केबल खराब असली की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत येते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) उलट चांगला दिसतो, कारण अँटेनाकडून परतणारी ताकदही वाटेतच जिरते. केबलचं वरचं टोक अँटेनापासून सोडवून मोकळं ठेवा आणि खालच्या टोकाला अॅनालायझर (एसडब्ल्यूआर मोजणारं यंत्र) लावा. पंधरा मीटर आरजी-५८ (बारीक कोअॅक्स केबल) धड असेल तर १४ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर दहाच्या आसपास दिसेल. तीनच दिसला तर निम्मी ताकद केबल खाते आहे. बहुतेक वेळा पावसाचं पाणी वरच्या पीएल-२५९ कनेक्टरमधून शिरून आतली जाळी काळी पडलेली असते. अशी केबल वाळवत बसू नका, बदला. नव्या जोडावर आपोआप चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा आणि टेपला ऊन लागू नये म्हणून वरून साधी पीव्हीसी टेप द्या.

दुसरी गोष्ट तारेची दिशा. डायपोल आपल्या दोन्ही बाजूंना फेकतो, टोकांकडे नाही. मराठवाड्यातून युरोप वायव्येला, सुमारे ३१५ ते ३२० अंशांवर आहे. म्हणून तार ईशान्य-नैर्ऋत्य हवी. मात्र जपान ईशान्येलाच, साधारण ६० अंशांवर आहे, म्हणजे त्याच तारेच्या टोकाच्या रोखाने. तुमचा जपान गायब होण्याचं कारण हेच असणार. मधला खांब उंच आणि दोन्ही टोकं खाली, अशी उलट्या व्हीसारखी तार बांधली की टोकांकडेही थोडं जातं. जागा असेल तर काटकोनात दुसरा डायपोल टाका. जपान आणि दक्षिण आफ्रिका दोन्ही त्याच्या तोंडासमोर येतात.

मधला बिंदू जमिनीपासून १० मीटरवर हवा. एकमजली घराच्या स्लॅबवर सहा मीटरचा दीड इंची जीआय पाइप उभा केला की काम होतं. ताणाला बाजारातली पिवळी प्लास्टिकची दोरी वापरू नका, आपल्याकडच्या उन्हाने ती ठिसूळ होते. दोन्ही बाजूंची तार आधी ५.१५ मीटर ठेवा. एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी जिथे दिसतो ती फ्रिक्वेन्सी हवी त्यापेक्षा खाली असेल तर तार लांब आहे. दोन्ही बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर कमी केले की ती सुमारे १४० किलोहर्ट्झने वर सरकते. कापण्याआधी टोक मागे दुमडून, तारेलाच पीळ देऊन बघा. कापलेलं परत जोडता येत नाही.

चाळीस मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) रात्रंदिवस एस-९ चा, म्हणजे मीटरवर जोरदार सिग्नलइतका, गोंगाट आहे. शेतीची थ्री फेज लाइन आली की आणखी वाढतो. (अंबाजोगाई)

रेडिओ बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच पाडा. गोंगाट गेला तर चोर घरातच आहे. मेन चालू करून एकेक एमसीबी पाडत जा. स्वस्त एलईडी बल्ब, सेट टॉप बॉक्सचा अॅडॉप्टर, मोबाइल चार्जर आणि घरचा इन्व्हर्टर, बहुधा या चौघांपैकीच एक निघतो. अॅडॉप्टर बदलणं सगळ्यात सोपं. ते जमत नसेल तर त्याची वायर ३१ नंबर मटेरियलच्या फेराइट रिंगमधून सात-आठ वेळा ओवा. नुसता एक क्लिप अडकवून ७ मेगाहर्ट्झला फारसा फरक पडत नाही.

मेन पाडूनही गोंगाट राहिला तर आवाज नीट ऐका. करकरीत, १०० हर्ट्झचा गुरगुराट, उन्हाळ्यात वाढणारा आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर कमी होणारा असेल तर तो लाइनवरच्या ढिल्या जोडाचा किंवा तडकलेल्या इन्सुलेटरचा. सूर्य मावळला की थांबणारा असेल तर शेजारच्या सोलर पंपाचा कंट्रोलर तपासा. थ्री फेजबरोबर येणारा गोंगाट लाइनचाही असतो आणि त्यावर चालणाऱ्या मोटारींच्या स्टार्टर-ड्राइव्हचाही. शेजाऱ्याला विनंती करून एक-एक मोटार पाच मिनिटं बंद करून पाहा.

खांब शोधताना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर फसवतो, कारण ती खरखर तारेवरून लांबवर धावते. व्हीएचएफवर (३० मेगाहर्ट्झच्या वर) एएम ऐकू शकणारा हँडसेट आणि छोटी यागी (एकाच दिशेला रोखायची अँटेना) घ्या. फ्रिक्वेन्सी वाढवत न्याल तसा खांब नेमका सापडतो. खांबाचा नंबर लिहून महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. खांबाला किंवा ताणाच्या तारेला हात लावायचा नाही, काठीनेही ठोकायचं नाही.

स्पर्धेत पहिल्यांदाच उतरतोय. वेळ, गुण आणि लाइट गेली तर काय, हे सांगा. (औसा, जि. लातूर)

सीक्यू वर्ल्डवाइडचा एसएसबी (बोलण्याचा) भाग ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो. आपल्या घड्याळाने शनिवारी पहाटे ५:३० ते सोमवारी पहाटे ५:२९. लॉग (संपर्कांची नोंद) मात्र यूटीसीमध्येच, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत. प्रत्येक संपर्कात द्यायचं एवढंच: ५९ (सिग्नल कसा येतो तो अहवाल) आणि झोन २२ (स्पर्धेच्या जागतिक विभागांतला आपला).

गुणांचं गणित नीट समजून घ्या. दुसऱ्या खंडातलं स्टेशन ३ गुण, आशियातला दुसरा देश १, भारतातलं शून्य. तरीही प्रत्येक बँडवर एक भारतीय स्टेशन घ्याच, कारण देश आणि झोन असे दोन मल्टिप्लायर (एकूण गुणांना ज्याने गुणायचं तो आकडा वाढवणारे) मिळतात. जपानी शंभर मिळाले तरी गुण शंभरच. इंडोनेशिया ओशनियात मोडतो, त्याचे तीन. सकाळी १० आणि १५ मीटरवर पूर्वेकडचे घ्या, दुपारनंतर त्याच बँडवर युरोप उघडतो, संध्याकाळी २० मीटर आणि रात्री ४०. नवख्याने स्वतः सीक्यू (‘कोणीही उत्तर द्या’ अशी हाक) देत बसण्यापेक्षा बँडवर फिरत दिसेल त्याला हाक द्यावी. पूर्ण कॉल साइन (परवान्यावरचं स्टेशनचं नाव) एकदाच द्या आणि थांबा. समोरचा अर्धवट कॉल घेऊन विचारत असेल आणि तो तुमचा नसेल, तर गप्प राहा. कॉल साइन चुकीची लिहिली तर तो संपर्क जातोच, वर दंडही बसतो. लॉग कॅब्रिलो फॉरमॅटमध्ये (स्पर्धांच्या लॉगची ठरलेली टेक्स्ट फाइल) पाच दिवसांच्या आत पाठवायचा.

लाइटसाठी: रेडिओ ऐकताना साधारण १ अँपिअर घेतो, बोलताना सरासरी १० धरा. पाव वेळ बोललात तर आठ तासांना २६ ते २८ अँपिअर-तास लागतात. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसल्याने ६० ची घ्या. वायरमध्ये कंजुषी नको. बॅटरी तीन मीटरवर असेल तर १.५ स्क्वेअर एमएम वायरमध्ये २० अँपिअरला जवळपास दीड व्होल्ट पडतो. ६ च्या वायरमध्ये ०.४ सुद्धा नाही. बहुतेक १०० वॉटचे रेडिओ ११.७ व्होल्टच्या खाली कुरकुरतात. आवाज फाटतो किंवा बोलता बोलता रेडिओच बंद पडतो.

दुर्मीळ स्टेशनला तासभर हाक देतो, लोक मात्र माझ्यावरच ओरडतात. (हिंगोली)

तो स्प्लिटवर असणार, म्हणजे बोलतो एका फ्रिक्वेन्सीवर आणि ऐकतो दुसऱ्या. ‘अप फाइव्ह’ म्हणाला म्हणजे तो पाच किलोहर्ट्झ वर ऐकतो आहे, आणि तुम्ही त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर बोलून सगळ्यांचं ऐकणं बंद करताय. रेडिओच्या दोन फ्रिक्वेन्सी सेटिंगपैकी व्हीएफओ ए त्याच्यावर ठेवा, बी पाच किलोहर्ट्झ वर, मग स्प्लिटचं बटण दाबा. मोकळी जागा नव्हे, त्याने शेवटचं स्टेशन कुठे घेतलं ते शोधा. बहुतेक ऑपरेटर तिथून हळूहळू एकाच दिशेने सरकतात. हाक त्याच्या किंचित पुढे द्या.